फेरोवाली

चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ आमचं पाटबंधारे खात्याचं ऑफिस होतं. मी तिथे अनुरेखक म्हणून रुजू झाले ते १९९९ साली. अनुरेखक म्हणजे ट्रेसर. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा ट्रेसिंग कागदाखाली ठेवायचा आणि वरून शाईच्या पेनाने गिरवायचा. कालवा कुठे वळतो, मोरी कुठे येते, कोणाची बांधी, म्हणजे धानाचं शेत, कोणत्या चारीवर भिजते. माझं वय चौतीस होतं. वडील रेल्वेत गँगमन होते. ते गेले तेव्हा धाकटा भाऊ दहावीत होता. मग त्याचं शिक्षण, त्याची नोकरी, असं करता करता माझं लग्न राहून गेलं. त्यावरून घरात कधी भांडण झालं नाही आणि कधी बोलणंही झालं नाही. भाऊ पुण्याला गेला, आई माझ्याजवळ राहिली.

कॉलनीत बारा क्वार्टर होते. मी गेले तेव्हा त्यातले सात भरलेले होते. दरवर्षी एखाद्याची बदली व्हायची, एखादा निवृत्त व्हायचा, आणि त्याच्या जागी कोणी यायचं नाही. कुलूप लागायचं, पहिल्या पावसाळ्यात दारासमोर तरोटा वाढायचा, दुसऱ्या पावसाळ्यात दार फुगायचं. शेवटी शेवटी आम्ही तीनच घरं उरलो: मी, एक कारकून आणि चौकीदाराचं कुटुंब.

आमच्या स्टोअरमध्ये सागवानी लाकडाची एक मोठी चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली होती. पुढे जाड काच, मागे झाकण, झाकणाला पोलादी पट्ट्या. ती काय आहे, असं मी ऑफिसातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारलं. तो चिचगडकडचा होता आणि त्याच्या पदाचं नाव कागदावर अजूनही फेरो खलाशी असंच होतं. फेरो म्हणजे नकाशाची निळी प्रत, ब्लूप्रिंट. मी त्याला काका म्हणत असे.

"फेरोची फ्रेम हाये बाई," तो म्हणाला. "आता कोन करते? नकाशे गोंदियाले जातेत, मशीनीतून निंगून येतेत. आमच्या वक्ती उनात काढाचे."

"मला दाखवाल?"

"तुमाले कायले पाहिजे?"

मी काचेवरची धूळ पुसली. काकाची निवृत्ती दीड वर्षावर होती आणि त्याला काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने स्टोअरच्या खिडक्यांना पोती लावली आणि दोन बरण्या काढल्या. एकीत हिरवट पापुद्रे होते, दुसरीत डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल खडे. काका त्यांना हिरवं मीठ आणि लाल मीठ म्हणायचा. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून त्याने सारख्या मापात एकत्र केलं आणि ड्रॉइंगच्या कागदावर स्पंजाने फासलं. कागद पिवळा-हिरवा झाला. सुकल्यावर आम्ही दोघांनी ती जड फ्रेम उचलून अंगणात आणली. आत माझंच एक ट्रेसिंग, त्यामागे तो कागद. कडक ऊन होतं. काका फ्रेमजवळ उकिडवा बसला आणि काचेतून कागदाचा रंग पाहत राहिला. पिवळ्याचा निळा झाला, निळ्याचा राख फासल्यासारखा. तेव्हा तो म्हणाला, "आता काढा," आणि कागद बादलीत बुडवला. पिवळं पाणी निघून गेलं. गडद निळ्यावर माझ्या पेनाच्या सगळ्या रेघा पांढऱ्या होऊन वर आल्या.

मी त्या रेघा शाईने काढल्या होत्या, तरी त्या मी पहिल्यांदाच पाहते आहे असं मला वाटलं.

"हातपंपाच्या पान्यात धुवाचं नाई," काकाने बजावलं. "त्या पान्यात खार हाये. निडं फिक्कं पडते. तलावाचं पानी आनाचं. अना सोड्याच्या पान्याले तं शिवूच द्याचं नाई, सारं खाऊन टाकते."

मग दुपारच्या सुट्टीत आम्ही रोज काहीतरी करू लागलो. पळसाचं पान, तेंदूचं पान, आईच्या लुगड्याचा काठ. कागदावर ठेवायचं, उन्हात धरायचं, धुवायचं. एकदा काका सहज म्हणाला की या निळ्यात लोखंड असतं, आणि लोखंडाला हिरडा भेटला की काळं होतं. त्यांच्या गावाकडे जंगलातून हिरडा गोळा करायला त्याची आई जायची, घरी त्याच हिरड्याची शाई करायची. मी ऐकून घेतलं. तेव्हा त्याचा उपयोग काही दिसला नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्याने मला हिरव्या मिठाची भरलेली बरणी दिली. साहेबांनी ती निर्लेखित, म्हणजे बाद सामानात लिहून टाकली होती. लाल मिठाची मात्र तळाशी चिमूटभरच उरली होती. "हे आता तुमीच पाहा," तो म्हणाला आणि देवरीच्या बसमध्ये बसला. नंतर तो मला भेटला नाही.

आईला माझा हा उद्योग पोरखेळ वाटायचा, पण ती खुर्ची घेऊन फ्रेमजवळ बसायची. एकदा मी तिचा पासपोर्ट फोटो झेरॉक्सच्या दुकानातून पारदर्शक कागदावर मोठा करून आणला आणि फेरोवर छापला. मला तेव्हा उलटसुलट कळत नव्हतं. धुतल्यावर आईचा चेहरा निळा आला, आणि केस, भुवया, डोळ्यांची बुबुळं पांढरी.

आईने वाकून पाहिलं. मग हसली. "काऊन वं, मी मेल्यावर भूत झाली तं अशीच दिसन का?"

मी तो कागद फाडून टाकला. आईने मला त्यावरूनही चिडवलं.

ती २००३ च्या हिवाळ्यात गेली. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी तिरोड्याच्या दवाखान्यात. भाऊ आला, नातेवाईक आले, त्रिसरण-पंचशील झालं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धाच्या तसबिरीशेजारी ठेवायला आईचा फोटो हवा, तर घरात तोच एक पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला पासपोर्ट फोटो होता. फुलांमध्ये तो दिसेचना. लोक फुलांनाच हात जोडत होते.

म्हणून नंतर मी तिरोड्याच्या स्टुडिओत तो मोठा करायला दिला. स्टुडिओवाल्याने मनापासून काम केलं होतं. आईला गोरं केलं होतं, ओठ लाल केले होते, पांढऱ्या लुगड्याच्या जागी जांभळी साडी नेसवली होती आणि मागे धबधबा सोडला होता. घरी येऊन मी ती तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग ठरवलं की आईचा फोटो आपणच करायचा, आपल्या निळ्यात.

त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या. लाल मीठ, आणि आईच्या फोटोची मोठी निगेटिव्ह.

एका शनिवारी सुट्टी होती. मी तिरोड्याहून पॅसेंजरने गोंदियाला गेले. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणारं एक दुकान होतं. तिथे मी चिठ्ठी पुढे केली: पोटॅशियम फेरीसायनाइड. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे कोणी आहे का तेही पाहिलं.

"अकेले आए हो?"

"हो."

"ये किसलिए चाहिए?"

"फोटोसाठी."

"मॅडम," तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "घर में कुछ टेन्शन है क्या?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि काय झालं कोण जाणे, इतक्या दिवसांत कोणासमोर न रडलेली मी त्या काउंटरवर रडले. मग तर त्याची खात्रीच पटली. त्याने मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की ते नावासारखं विष नाही हे त्याला माहीत आहे, पण बाईमाणसाला एकटीला तो देणार नाही. छापखान्यात ते वापरतात, तिथल्या कॅमेरावाल्याची चिठ्ठी आणा, मग देतो.

अशी मी त्या छापखान्यात गेले.

ती ऑफसेटची प्रेस होती, बाजारातल्या एका बोळात. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं. मागच्या बाजूला एका काळ्या खोलीत कॅमेरा होता. मी कॅमेरा म्हणजे गळ्यात अडकवायचा समजत होते. हा खोलीएवढाच होता. रुळांवर सरकणारा, एका टोकाला काचेची पाटी, दोन्ही बाजूंना दिवे, मध्ये हार्मोनियमच्या भात्यासारखी घडी. तो चालवणारा माणूस पन्नाशीचा असावा. हाताची बोटं औषधांनी तपकिरी झालेली, चष्मा दोरीने बांधलेला.

मी सगळं सांगितलं. फेरोची फ्रेम, काका, आई, स्टुडिओ, धबधबा. मला इतकं बोलायची सवय नव्हती. धबधब्याचं ऐकून तो म्हणाला, "हाँ, वो सबको धबधबा लगा देता है."

मग त्याने कपाटातून एक बरणी काढली. तेच लाल खडे.

"ये तो हमारे पास रहता है. फिल्म का डॉट छोटा करना हो तो इसी से काटते हैं. कितना चाहिए?" आणि आईचा पासपोर्ट फोटो हातात घेऊन तो मराठीत म्हणाला, "फोटो ठेवून जा मॅडम. याची निगेटिव्ह मी काढून ठेवतो. पुढच्या वेळी या."

दोन आठवड्यांनी गेले. फिल्म तयार होती, वहीच्या पानाएवढी. काळी काच धरावी तशी त्याने ती दिव्यासमोर धरली. आईचा चेहरा काळा, केस पांढरे. यावेळी मला भीती वाटली नाही, कारण आता सुलट काय होणार ते मला माहीत होतं. जवळून पाहिलं तर सगळा चेहरा बारीक ठिपक्यांचा होता.

"ठिपके दिसतील," तो म्हणाला. "छपाईची फिल्म आहे, काय करणार."

"दिसू देत," मी म्हणाले.

रविवारी सकाळी अंगणात फ्रेम मांडली. मोठी फ्रेम एकटीला उचलवत नव्हती, म्हणून सुताराकडून एक लहान करून घेतली होती. कागद धुतला आणि आई आली. सुरकुत्या होत्या, डाव्या डोळ्याची पापणी थोडी खाली होती, लुगडं पांढरं होतं. ठिपके होते, पण चार पावलं मागे गेलं की नव्हते. मी चार पावलं मागे गेले आणि तिथेच उंबरठ्यावर बसून राहिले. दाखवायला कोणी नव्हतं. दुपारी चौकीदाराची बायको पाण्याला आली, तिला दाखवलं. ती म्हणाली, "माय! बाईच आली जी," आणि पदराने डोळे पुसले.

तो फोटो दाखवायला म्हणून मी पुढच्या सुट्टीच्या शनिवारी परत गोंदियाला गेले. मग जातच राहिले. महिन्यातून दोनदा.

काम नेहमीच असायचं असं नाही. तो मला प्रेसमधल्या वाया गेलेल्या फिल्म द्यायचा. रद्द झालेल्या लग्नपत्रिकांमधले नवरा-नवरी, पडलेले उमेदवार, एका हरवलेल्या माणसाच्या पत्रकातला चेहरा, तेरवीच्या कार्डांवरची माणसं. मी त्या घरी आणून फेरोवर छापायची. पुढच्या वेळी त्याला दाखवायची. तो चष्मा वर करून, कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहायचा आणि म्हणायचा, "इसमें धूप थोड़ी ज़्यादा हो गई." नाहीतर, "ये बढ़िया." मग चहा यायचा. तो गोंदियातल्या लोकांसारखा अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायचा, मी अर्धं मराठी अर्धं हिंदी. त्याची बायको पाच वर्षांपूर्वी वारली होती. मुलगा-सून जवळ होते. मुलगा रायपूरला कारखान्यात नोकरी शोधत होता. एवढं मला तीन वर्षांत कळलं. आम्ही दोघंही भराभर बोलणारे नव्हतो.

सुरुवातीला मी त्याला भाऊ म्हणत असे. कधीतरी ते थांबलं. दुसरं काही म्हणायला सुचलं नाही, म्हणून काहीच म्हणत नव्हते. तो मला शेवटपर्यंत मॅडम म्हणाला.

घराच्या भिंती हळूहळू भरत गेल्या. स्वयंपाकघरात नवरदेव, बाहेरच्या खोलीत नवऱ्या, दाराशी ते पडलेले उमेदवार. सगळे निळे. चौकीदाराची बायको म्हणायची, "एकटीच राहता बाई, अना घरात गाव भरून ठेवलं." मी हसायची. पण ती गेल्यावर, स्वयंपाक करताना, त्या माणसांपैकी कोणाचंच नाव आपल्याला माहीत नाही हे मनात यायचं. हरवलेल्या माणसाचा फोटो मी एकदा काढून ठेवला होता. मग तो सापडला असेल असं धरून परत लावला.

एकदा त्याने कपाटातून पाकीट काढलं. आत एक रंग उडालेला फोटो होता. "ये हमारी मिसेस," तो म्हणाला. "मी याची निगेटिव्ह काढतो. तुम्ही करून द्याल?"

त्या एका फोटोसाठी मी जितके कागद वाया घालवले तितके आईसाठीही घातले नव्हते. नाकात चमकी होती, ती नीट यायला हवी होती. ऊन जास्त झालं की चमकी जायची, कमी झालं की गाल फिके पडायचे. शेवटी एक जमला. मी तो नेऊन दिला. तो उभा राहून पाहत होता, आणि मी खाली पाहत होते. माझ्या मनात काय होतं ते मी लिहिते, कारण आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. मला वाटत होतं की एकदा त्याने कागदावरून नजर उचलून माझ्याकडे पाहावं.

त्याने कागद गुंडाळला आणि म्हणाला, "बहुत अच्छा आया."

त्यानंतरच्या दिवाळीआधी, एका सकाळी, तो माझ्या दारात उभा होता. एवढ्या वर्षांत तो कधी कॉलनीत आला नव्हता. तिरोड्याहून जीपने आणि पुढे पायी आला होता. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद.

"मॅडम, गडबड झाली."

सुनेने दिवाळीची साफसफाई काढली होती. फोटो भिंतीला नुसता डकवलेला होता, त्यावर माशांचे डाग पडले होते. तिने चांगल्या मनाने धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचं फडकं त्यावर फिरवलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत निळं उतरत गेलं. घाबरून तिने आणखी पुसलं. आता कागदावर फिका पिवळा डाग होता. तिरका धरला तर त्यात कपाळ आणि पदराची कड तेवढी कळत होती.

"दुसरा करून देते," मी म्हणाले. "निगेटिव्ह आहे ना?"

"आहे." तो खाली बसला. "पण बहू तीन दिवसांपासून जेवत नाही. ती म्हणते, मी आईंना पुसून टाकलं. दुसरा दिला तरी तिला माहीत राहील."

तेव्हा मला काकाचा हिरडा आठवला. पिवळं उरलं आहे म्हणजे लोखंड कागदातच आहे, असं मला वाटलं. खात्री नव्हती. मी चौकीदाराच्या घरी गेले. त्याच्या बायकोकडे खोकल्यासाठी हिरडे ठेवलेले असत. ते कुटले, पातेल्यात उकळले, फडक्यातून गाळले. पाणी चहासारखं झालं. थंड होईपर्यंत तो भिंतीवरची माणसं पाहत फिरला. बरीचशी त्याला ओळखू आली. "ही शादी टूट गई थी," तो एका ठिकाणी म्हणाला. "नंतर दोघांची झाली दुसरीकडे." एवढ्या वर्षांनी मला त्या माणसांबद्दल काही कळत होतं.

परातीत हिरड्याचं पाणी घेतलं आणि कागद तरंगत सोडला. आम्ही दोघं परातीच्या दोन बाजूंना जमिनीवर बसलो होतो. आधी काहीच झालं नाही. मग केसांची रेघ तपकिरी झाली. मग भुवया. मग डोळे, अगदी हळू, एकेक पापणी उमटावी तसे. अर्ध्या तासात पूर्ण चेहरा वर आला. आता तो निळा नव्हता, काळपट तपकिरी होता, आणि चमकी पांढरी राहिली होती. पहिल्यापेक्षा तो चांगला होता.

त्याने चष्मा काढून हातात धरला.

मी पिठलं-भात केला. तो जेवला. मी त्याला सांगितलं की आता काचेत घाला. फाट्यापर्यंत पोचवायला मी बरोबर गेले. दोन्ही बाजूंना धान पिवळं झालं होतं, काही बांध्यांमध्ये कापणी चालू होती. जीपची वाट पाहताना तो म्हणाला, "मॅडम, एक बात बोलूँ? बुरा मत मानना."

"बोला."

"आप भी अकेले, हम भी. प्रेसमध्ये कॉम्प्युटर येतो आहे, कॅमेऱ्याचं काम किती दिवस राहील माहीत नाही. मुलाला रायपूरची नोकरी लागली. मला चल म्हणतो. मी अजून हो म्हटलं नाही." त्याने चष्म्याची दोरी सारखी केली. "तुम्ही म्हणाल तर मी गोंदियातच राहीन. आपण राहू. विचार करून सांगा. शनिवार को आएँगे ना?"

मी मान हलवली. जीप आली, तो मागे लटकून गेला.

त्या आठवड्यात मी पुण्याला भावाला फोन केला. तो चिडेल, म्हणून मी काय काय बोलायचं ते लिहून ठेवलं होतं. तो चिडला नाही. म्हणाला, "बघ बाई, तुला बरं वाटेल ते कर. मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू?" नंतर त्याचा फोन आला नाही. तो अडवेल अशी माझी तयारी होती. त्याने अडवलंच नाही, आणि मग मला एकटीला ठरवावं लागलं.

शनिवारी मी आईची निळी किनार असलेली पांढरी साडी नेसले. तिरोड्याला स्टेशनवर पोचले, तिकीट काढलं, बाकावर बसले. पॅसेंजर आली. लोक चढले. मी उठले नाही. का, ते मी पुष्कळदा शोधलं आहे. लोकांची भीती म्हणावी तर कॉलनीत लोक उरलेच कुठे होते? बायकोचा फोटो म्हणावा, तर तो मीच केला होता. मला एवढंच आठवतं की डब्याचं दार माझ्यासमोर होतं, दांडा हाताच्या अंतरावर होता, आणि मला वाटलं, पुढच्या गाडीने जाऊ. पुढची गाडी आली. मी तेव्हाही उठले नाही. मग बसने परत आले.

त्यापुढच्या शनिवारी ऑफिसात तपासणी होती, हे खरं आहे. त्यापुढे मला ताप आला होता, हेही खरं आहे. पत्र लिहिता आलं असतं, प्रेसमध्ये फोन होता. मी 'नाही' सुद्धा म्हटलं नाही.

दीड महिन्याने गेले. काळ्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत ऊन आलं होतं. कॅमेऱ्याचे रूळ उखडून भिंतीशी ठेवले होते. प्रेसचे मालक ओळखत होते. "वो तो रायपूर चले गए," ते म्हणाले. "तुमच्यासाठी ठेवून गेलेत." जाड खाकी पाकीट होतं. आत आईच्या फोटोच्या त्याने आणखी काढून ठेवलेल्या फिल्म, मध्ये पातळ कागद घालून, आणि लाल मिठाची एक बाटली. मी स्टेशनवर बसून प्रत्येक फिल्म आणि प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. कुठे काही लिहिलेलं नव्हतं.

रायपूरचा पत्ता मी मालकांकडून घेतला होता. तो तीन वर्षं माझ्याजवळ होता. २०१२ साली अनुरेखकाला काही काम उरलं नाही म्हणून मला गोंदियाच्या ऑफिसात आवक-जावक नोंदवायला बसवलं. क्वार्टर सोडताना भिंतीवरची माणसं काढली, पेटीत भरली. त्याच हिवाळ्यात एका सकाळी मी रायपूरच्या गाडीत बसले. कोणाला सांगितलं नाही, सांगायला कोणी नव्हतं.

घर सापडलं. सुनेने दार उघडलं. मी कोण ते मला सांगता येईना. शेवटी म्हणाले, "गोंदियाहून आले. ती फेरोवाली." तिने वाकून माझ्या पायाला हात लावला. बैठकीत त्याच्या बायकोचा तो फोटो होता, काचेत. मग तो स्वतः आतून आला. खूप वाळला होता, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. मला ओळखायला त्याला जवळ यावं लागलं.

"मॅडम," तो म्हणाला. "बैठिए, बैठिए."

सून सगळा वेळ आमच्याजवळ बसून होती. तिने पोहे केले, चहा केला, नातवाला नमस्कार करायला लावला. ती माणूस चांगली होती. तिला वाटत होतं की पाहुण्याला एकटं सोडू नये. आम्ही ऊन, कागद, गोंदियाचा बाजार, प्रेसच्या मालकांचा मधुमेह यांवर बोललो. मी नेलेले दोन नवे फेरो दाखवले. त्याने कागद डोळ्याजवळ नेला आणि मग खाली ठेवला. "अब बारीक दिखता नहीं," तो म्हणाला.

निघताना तो मला ऑटोपर्यंत पोचवायला आला. गल्ली लहान होती. अर्ध्यात तो म्हणाला, "उस शनिवार को मैंने दो चाय बोली थी."

मला उत्तर द्यायचं होतं. मी म्हणाले, "मी तिरोडा स्टेशनवर होते. तिकीट काढलं होतं."

तो थांबला. माझ्याकडे नीट पाहिलं. "अच्छा," तो म्हणाला. थोडं पुढे चालल्यावर पुन्हा म्हणाला, "अच्छा. मला वाटलं, तुम्ही घरूनच निघाला नाहीत." त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट, काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटलं, निदान मला. ऑटो आली. त्याने ड्रायव्हरला स्टेशन सांगितलं, सावकाश चालव म्हणून सांगितलं.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. डोंगरगड गेलं, आमगाव गेलं. मी रडेन असं वाटलं होतं, पण रडू आलं नाही. गोंदियाला उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कॉलनीत चौकीदाराकडे माझी थोडी भांडी राहिली होती, ती आणायला तिरोड्याला जायचं म्हणून मी गोंदियातल्या खोलीवर न जाता पॅसेंजरसाठी फलाटावरच थांबले. बाकावर एक म्हातारी बसलेली होती, जवळ मोहाच्या पत्रावळींचा गठ्ठा. तिने गठ्ठा सरकवून मला जागा दिली.

"कोठी जाता बाई?"

"तिरोड्याला."

"घरी कोन कोन हाये?"

"कोणी नाही. मी एकटीच."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग रुळांकडे पाहिलं. "मंग घाई कायची?" ती म्हणाली. "बसा आरामशीर. गाडी लेट होऊन राहिली."